बर्लिनमध्ये भाड्याचे घर: एजंटसह आणि एजंटविना

बर्लिनमध्ये भाड्याचे घर एजंटमार्फत घ्यावे की स्वतः शोधावे, या प्रश्नाचे उत्तर तिथल्या कायद्याने बरेचसे देऊन ठेवले आहे. १ जून २०१५ पासून जर्मनीत असा नियम आहे की एजंटला जो काम सांगतो, त्यानेच त्याची दलाली द्यायची. त्यापूर्वी एजंट नेमायचा मालकाने आणि दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंतची दलाली, वर १९ टक्के कर, भरायची मात्र भाडेकरूने, अशी पद्धत होती. आता जाहिरातीखाली ज्या एजंटचे नाव दिसते, ज्याला तिथे माकलर म्हणतात, तो जवळजवळ नेहमी घरमालकाने नेमलेला असतो, त्याचे पैसे मालक देतो आणि साहजिकच तो मालकाचा माणूस असतो. नोकरीनिमित्त आम्ही पती-पत्नी तिथे राहायला गेलो तेव्हा एवढी एक गोष्ट मनाशी पक्की होती आणि त्यामुळे पुढची बरीच दगदग वाचली. माकलर ईमेलला उत्तर देत नाही, फोन उचलत नाही, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण उरले नाही. आलेल्या अर्जांच्या ढिगातून मालकाला निर्धोक वाटेल असा एक अर्ज उचलणे, एवढेच त्याचे काम असते. आपला अर्ज निर्धोक दिसावा, हे मात्र आपले काम.

कायमचे घर दुरून ठरवण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही आणि कोणी पडू नये असेच मी सांगेन. पहिल्या काही महिन्यांसाठी मोआबिट भागात एक सामानसुमानासह असलेले छोटे घर घेतले. अशी घरे महाग असतात; परंतु त्यांची कागदपत्रांची अपेक्षा कमी असते आणि शहरात राहून शोध घेता येतो. हे तात्पुरते घर घेताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा, की या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासाची नोंदणी, करता येईल का. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती नोंदणी ब्युर्गरआम्ट या नागरी कार्यालयात करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे सहीचे प्रमाणपत्र लागते. नोंदणीनंतर कर-क्रमांक टपालाने येतो. तो वेळेत मिळाला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या श्रेणीने कर कापला जाऊ शकतो. बँक, विमा, मोबाइलचा करार या सगळ्यांची वाटही याच एका नोंदणीच्या कागदावरून जाते. कार्यालयातील भेटीच्या वेळा भराभर संपतात. त्या ऑनलाइन आणि शक्य तितक्या आधी घ्याव्यात. बर्लिनमधले कोणतेही ब्युर्गरआम्ट चालते, घराजवळचेच हवे असे नाही, म्हणून श्पांडाउ किंवा कोपेनिकसारख्या टोकाच्या भागातही वेळ शोधून पाहावी.

तात्पुरते घर पोटभाड्याने मिळत असेल तर मूळ मालकाने परवानगी दिली आहे का, हे लेखी पाहून घ्यावे. शिवाय तिथे इमारतीतल्या वेगवेगळ्या घरांना सहसा क्रमांक नसतात. इमारतीच्या दारावरच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव असते आणि पोस्टमन त्यावरूनच पत्र टाकतो. आपले आडनाव पत्रपेटीवर नसेल तर कर-क्रमांकाचे पत्र परत जाते. आम्ही पहिल्याच संध्याकाळी कागदाची चिठ्ठी चिकटवून टाकली.

त्यानंतरचे काम कागदांचे. एकाच पीडीएफमध्ये, नीट क्रमाने, पुढील गोष्टी तयार हव्यात: जर्मन भाषेतील अर्ध्या पानाचे परिचयपत्र, स्वतःविषयीच्या माहितीचा भरलेला नमुना, नोकरीचा करार किंवा शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आधीच्या घरमालकाने दिलेले भाडे थकलेले नसल्याचे पत्र आणि शूफा. शूफा ही देशभरातील पतमाहिती सांभाळणारी खासगी संस्था असून तिचा दाखला मालक जवळपास हमखास मागतात. नव्याने आलेल्या माणसाची तिथे नोंदच नसते, कारण ती बँकखाते आणि मोबाइलसारखे करार झाल्यावर तयार होऊ लागते. अशा वेळी कंपनीचे पत्र, बचतखात्याचा उतारा आणि शक्य असल्यास जर्मनीतील एखाद्या जामीनदाराचे हमीपत्र जोडावे आणि शूफाची नोंद अद्याप का नाही, ते परिचयपत्रात एका वाक्यात सांगून टाकावे. नोंद झाल्यावर कायद्याने फुकट मिळणारी माहितीची प्रत मागवता येते. पण तिच्यात खाती, करार असा सगळा तपशील असतो आणि तो मालकाच्या हाती देण्याजोगा नसतो. मालकाला दाखवण्यासाठीचे छोटे प्रमाणपत्र वेगळे आणि विकत असते. पगाराच्या पावत्या मी घर पाहण्याआधी कोणालाही पाठवल्या नाहीत. पाहून झाल्यावर घर हवे असेल तेव्हाच त्या द्याव्यात, असे माहिती-संरक्षणाच्या नियमांचेही धोरण आहे.

जाहिराती वाचणे हीच एक विद्या आहे. खोल्यांच्या संख्येत दिवाणखाना धरलेला असतो, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नाही. म्हणजे ‘दोन खोल्या’ याचा अर्थ एक बैठकीची आणि एक झोपण्याची. भाडे दोन आकड्यांत येते. काल्टमीटे हे निव्वळ जागेचे, आणि वार्ममीटे हे त्यात इमारतीचा देखभालखर्च, पाणी व बहुधा तापवणीचा, म्हणजे घर उबदार ठेवण्याचा, अंदाजित खर्च मिळवून. वीज आणि इंटरनेट दोन्हींच्या बाहेर असतात. घरोघरी गॅसचे वेगळे यंत्र असेल तर तापवणीचा खर्चही बाहेर राहतो, म्हणून तो प्रश्न विचारलाच पाहिजे. देखभालखर्च हा केवळ आगाऊ हप्ता असून वर्षाचा हिशेब संपल्यावर बारा महिन्यांच्या आत मालकाने तो मांडायचा असतो. अंदाज मुद्दाम कमी धरलेला असेल तर वार्ममीटे आकर्षक दिसते आणि पुढच्या वर्षी मोठी वसुली येते. ‘हिंटरहाउस’ म्हणजे आतल्या अंगणापलीकडची मागची इमारत: शांत, पण खालच्या मजल्यांवर अंधारी आणि अनेकदा मोबाइलच्या लहरी न पोहोचणारी.

दोन प्रकारच्या जाहिराती नवख्याने सरळ सोडून द्याव्यात. ज्यात ‘वेबेएस’ आवश्यक असे लिहिलेले असते, ती घरे ठराविक उत्पन्नमर्यादेखालच्या लोकांना मिळणाऱ्या सरकारी पात्रता-प्रमाणपत्रावरच मिळतात. ज्यात ‘ताउशवोनुंग’ असते ती अदलाबदलीची घरे, म्हणजे तुमच्याकडे बर्लिनमध्ये आधीच स्वस्त घर असेल तरच उपयोगाची. ती इतकी मोहक भाड्यांची असतात की शोधाच्या यादीतून शब्दानिशी गाळून टाकणेच बरे.

इमोबिलिएनस्काउट२४, इमोवेल्ट आणि क्लाइनआनत्साइगेन या संकेतस्थळांवर बहुतेक जाहिराती येतात, सहनिवासाच्या खोल्यांसाठी व्हेगे-गेझूख्त आहे. तिथे वेगाला महत्त्व आहे. जाहिरात सकाळी लागते आणि दुपारपर्यंत बंद होते, म्हणून सूचना सुरू ठेवून तयार मजकूर पहिल्या काही मिनिटांत पाठवावा. मला स्वतःला अधिक भरवशाची वाटली ती दुसरी वाट. देगेवो, गेवोबाग, गेझोबाउ, होवोगे, श्टाट उंड लांड आणि वेबेएम या सहा गृहकंपन्या बर्लिन राज्याच्या मालकीच्या आहेत आणि त्यांची रिकामी घरे ‘इनबर्लिनवोनेन’ या सामाईक संकेतस्थळावर दिसतात. भाडी आवाक्यातली, एजंट नाही, दलाली नाही. अर्थात अर्जदार भरपूर. गृहनिर्माण सहकारी संस्थाही आहेत, त्यांत भागभांडवल घेऊन सभासद व्हावे लागते, पण अनेकांनी नवी सभासदनोंदणी थांबवलेली असते आणि इतरांची प्रतीक्षायादी लांब असते. लवकर घर हवे असणाऱ्याने त्यांवर विसंबू नये.

घर पाहण्याचे प्रसंग दोन तऱ्हांचे असतात. नॉयक्योल्नमध्ये जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग लागलेली सामूहिक भेट आम्ही अनुभवली. तिथे प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटे मिळतात आणि एजंट केवळ फॉर्म गोळा करतो. अशा ठिकाणीही ऊर्जा-प्रमाणपत्र मागावे, कारण ते पाहणीच्या वेळी दाखवणे बंधनकारक आहे आणि हिवाळ्यातील बिलाचा अंदाज त्यावरूनच येतो. बाहेरच्या भिंतींचे कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि न्हाणीघराचे छत बुरशीसाठी निरखावे. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर कारण विचारावे. स्वयंपाकघराची अवस्था फार निरनिराळी असते: कुठे शेगडी आणि बेसिन असते, कुठे भिंतीतून डोकावणारे नळ आणि बाकी काही नाही. आधीचा भाडेकरू आपले ओटे-कपाटे विकत घ्या म्हणतो, ही तिथली नेहमीची रीत आहे. वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा फाजील जास्त रक्कम मागणे कायद्याला धरून नाही, तेव्हा यादी आणि वस्तूंचे वय लिहून घेऊन घासाघीस करायला संकोच नको.

स्वतःचा एजंट नेमणे अशक्य नाही. आपण त्याला लेखी किंवा ईमेलने शोधाचे काम द्यायचे. त्याने त्यानंतर केवळ आपल्यासाठी घर मिळवले आणि करार झाला, तरच त्याला दलाली मागता येते, आणि ती दोन महिन्यांचे मूळ भाडे व कर यांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्याच्याकडे आधीच असलेले घर तो दाखवत असेल तर ती अट पुरी होत नाही. या कडक अटीमुळे भाडेकरूंसाठी काम करणारे माकलर विरळ झाले आहेत. कोणी घर दाखवण्याची फी, अर्ज तपासण्याची फी मागितली तर ती द्यावी लागत नाही. कंपन्या ज्यांना नेमतात ते स्थलांतर-साहाय्यक मात्र निराळे: ते भेटी ठरवतात, जर्मन संभाषण करतात, नोंदणीला सोबत येतात. कंपनी पैसे देत असेल तर त्यांची मदत अवश्य घ्यावी, कारण जर्मन बोलणारा माणूस फोनवर असणे हेच अर्धे काम असते. स्वतःच्या खिशातून तेवढा खर्च करण्यापेक्षा तो पैसा तात्पुरत्या घराचा मुक्काम एखाद्या महिन्याने वाढवायला वापरावा, असे माझे मत आहे.

फसवणुकीची जाहिरात ओळखणे कठीण नाही, पण थकलेल्या मनाला तिचा मोह पडतो. रिंगच्या आत, म्हणजे शहराच्या मध्यभागाला वेढा घालणाऱ्या एस-बान या लोकल रेल्वेच्या वर्तुळात, मोठे, सजवलेले घर, भाडे निम्मे आणि मालक परदेशी, त्यामुळे किल्ली कुरिअरने येणार व अनामत आधी पाठवायची, हा त्यांचा ठरलेला साचा. कधी नामांकित संकेतस्थळासारखे दिसणारे पैसे भरण्याचे पान पाठवले जाते, कधी ‘ओळख पटवण्यासाठी’ म्हणून पासपोर्टची प्रत मागितली जाते आणि त्याच प्रतीवर पुढच्या माणसाला फसवले जाते. घर आतून पाहिल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत; ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहून कारण आणि तारीख नोंदवावी.

आम्हाला घर मिळाले ते रिंगच्या बाहेर, लिख्टेनबेर्गमध्ये, राज्याच्या मालकीच्या कंपनीकडून आणि एजंटविना. रिंगचा हट्ट सोडल्यावर उत्तरे येऊ लागली, हे मी आग्रहाने सांगतो. ए आणि बी हे तिकिटाचे दोन पट्टे शहराच्या हद्दीपर्यंत पोहोचतात, तेव्हा मासिक पास तोच राहतो आणि वाढतो तो फक्त वेळ.

करारात पाहायच्या गोष्टींपैकी अनामत पहिली. ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे मूळ भाडे ९०० युरो असेल तर कमाल २७०० युरो, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडे सुरू होताना. मालक एकरकमी मागतात. शांतपणे कायद्याचा उल्लेख करावा किंवा घर हातचे जाईल अशी भीती असेल तर देऊन टाकावी, हा ज्याचा त्याचा निर्णय. भाडे दरवर्षी ठरलेल्या पायरीने वाढणार की महागाई निर्देशांकाला जोडलेले आहे, ते पाहावे. दुसरा प्रकार महागाईच्या वर्षांत बराच झोंबतो. बर्लिनमध्ये नव्या कराराचे भाडे परिसरातील तुलनात्मक भाड्याच्या १० टक्क्यांहून अधिक वर असू नये असा नियम २०१५ पासून आहे आणि त्याची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढवली आहे. मात्र १ ऑक्टोबर २०१४ नंतर प्रथम वापरात आलेली घरे त्यातून वगळलेली आहेत. भाड्याविषयी शंका असेल तर सही केल्यानंतरही दाद मागता येते आणि त्यासाठी भाडेकरू संघाचे वर्गणीदार सभासद होणे हा स्वस्त उपाय आहे. सोडून जाताना भाडेकरूला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, ती सहीच्या कागदी पत्राने. ईमेल चालत नाही. ठराविक काळ घर सोडणार नाही असे कलम करारात असेल तर त्या काळात ही सूचनाही देता येत नाही, म्हणून ते कलम शोधून वाचावे.

किल्ल्या घेताना ताबापत्र भरले जाते. त्यात विजेचे, पाण्याचे व तापवणीचे मीटरवाचन, किल्ल्यांची संख्या आणि प्रत्येक ओरखडा, तडा, डाग लिहवून घ्यावा व तारखेसह छायाचित्रे काढावीत. सोडताना अनामतीतून काय कापले जाईल ते याच कागदावर ठरते. किल्ली हरवल्यास पूर्ण इमारतीची कुलपे बदलण्याचा खर्च येऊ शकतो, तेव्हा किल्लीची जोखीम समाविष्ट असलेला दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून झालेले दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमा, आधीच घ्यावा. विजेचा करार पहिल्या आठवड्यात स्वतः निवडावा, नाहीतर स्थानिक मूळ पुरवठादाराच्या बहुधा महाग दराने बिल येते. नोंदणीनंतर प्रसारण-शुल्काचे पत्र येते. ते दरमहा १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो आणि माणशी नव्हे तर घरटी एकदाच असते, म्हणून दोघांच्या नावे दोन पत्रे आल्यास एकाने दुसऱ्याचा शुल्क-क्रमांक कळवावा. तात्पुरत्या घरातून कायमच्या घरात गेल्यावर पत्त्याची नोंद पुन्हा दोन आठवड्यांच्या आत बदलायची असते आणि त्यासाठी नव्या मालकाचे प्रमाणपत्र किल्ल्यांबरोबरच मागून घ्यावे.