जय मल्हार ट्रॅक्टर

साक्री तालुक्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. तास नाही तर मानधन नाही, म्हणून २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन तास मिळाले तेव्हा मी खूश होतो.

ऑनलाइन तासात शिकवणं अर्ध्याहून कमी. बाकी सगळे पुरावे: लिंक कधी पाठवली, किती जण आले, चौकटीतल्या चेहऱ्यांचा स्क्रीनशॉट, त्याची पीडीएफ. मुलांना कळलं का, याला रकाना नाही.

तेव्हा कोणीही भलतंच आत शिरून गाणी लावायचं. त्यामुळे अनोळखी नावानं परवानगी मागितली की मी नाकारायचो. ‘जय मल्हार ट्रॅक्टर’ नावाचं कोणीतरी रोज यायचं. तीन दिवस नाकारलं, चौथ्या दिवशी आलंच नाही.

रेंजची बोंब पाहून मी व्हॉइस नोट सुरू केल्या. याचा मला अजूनही अभिमान आहे. दीड जीबीच्या पॅकवर रोज व्हिडिओ कोणाला परवडणार? दहा मिनिटांचा आवाज एक-दीड एमबीत मावतो, रात्री दोनला रेंज आली तरी उतरतो. पंखा बंद करून, घाम पुसत बोलायचो. वरिष्ठांना पटलं नाही. आवाजाचा स्क्रीनशॉट निघत नाही ना! २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं अंतिम वर्षाला परीक्षेविना पदवी नाही असा निकाल दिला, तेव्हा स्टाफच्या ग्रुपवर आठवडाभर तोच काथ्याकूट. पटावरच्या गैरहजरांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

सप्टेंबरात अर्थतज्ज्ञ रिकार्डोचा तुलनात्मक लाभ शिकवून गृहपाठ दिला: दोन्ही गोष्टींत सरस असलेल्यानंही, ज्यात तुलनेनं जास्त सरस तीच करावी, हा सिद्धांत. एकाच नंबरवरून पाच कागदांचे फोटो आले. सारवलेल्या जमिनीवर ठेवलेले, उडू नयेत म्हणून कडेला मक्याची कणसं. नावं नाहीत, पण अक्षरं पाच. चौघींचं पुस्तकातलंच उदाहरण: इंग्लंड-पोर्तुगाल, कापड आणि दारू. पाचव्या कागदावर साक्रीकडची दोन गावं, कांदा आणि बाजरी. एक गाव दोन्ही पिकांत सरस, तरी त्यानं कांदाच का लावावा, हे आकड्यांसकट बिनचूक.

मला आधी कॉपीचाच वास आला. तावातावानं फोन लावला, तो वडिलांनी उचलला.

“मोबाईल मना शे. पोरी रातले वापरतस.”

मागे इंजिन धडधडत होतं. माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

“दादा, ट्रॅक्टरवर नाव काय टाकलंय?”

“जय मल्हार.”

मग मुलगी फोनवर आली. “सर, आम्ही पाच जणी आहोत. तुम्ही आत घेतलं नाही, म्हणून रात्री नोट ऐकतो.”

कांदा-बाजरीचा कागद कोणाचा, विचारलं तर पलीकडे नुसती खसखस. अजून कळलेलं नाही.

महिनाअखेरच्या हजेरीत शेवटी एक ओळ मी वाढवली: जय मल्हार ट्रॅक्टर, उपस्थिती ५. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला.

“सर, हा विद्यार्थी आपल्या पटावर नाही.”