सहा एकर, बर्फ आणि लोडरवाला ट्रॅक्टर

इथे अमेरिकेत ट्रॅक्टर घेणाऱ्या कितीतरी लोकांकडे शेतीच नसते. घर असतं, घराभोवती चार-सहा एकर जागा असते, रस्त्यापासून दारापर्यंत खडीची लांब वाट असते आणि दर वादळात एखादं झाड आडवं होतं. आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलोच्या दक्षिणेला, अशाच सहा एकरांवर राहतो. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. आपल्याकडे एवढ्यात उसाचा चांगला प्लॉट उभा राहिला असता. इथे निम्मं रान, निम्मं गवत, आणि पीक म्हणाल तर मॅपलची पानं.

बफेलो म्हटलं की अमेरिकेतल्या माणसालाही आधी बर्फ आठवतो. ईरी तळ्यावरून थंड वारा वाहत येतो, तळ्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यात ओतून देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात जवळपास ८० इंच बर्फ पडला, आणि तिथून काही मैलांवरच्या गावांत त्या मानाने काहीच नाही. सरकारी रस्ता गावची गाडी साफ करते. तुमची वाट तुमची. शहरात फावडं किंवा छोटं स्नो ब्लोअर पुरतं. तीनशे फूट वाट असली की पुरत नाही.

म्हणून ट्रॅक्टर. तोही पुढे लोडर, म्हणजे माल उचलणारे हात आणि बकेट, लावलेला, कारण इथे नांगरणी-पेरणी दुय्यम आणि उचलणं-सरकवणं मुख्य. बर्फ बाजूला करायचा, वाटेवर खडी पसरायची, पडलेल्या झाडाचे ओंडके ओढायचे, पालापाचोळ्याचं खत हलवायचं. गावाकडे असं काम निघालं की तासाच्या भाड्याने जेसीबी बोलावतात आणि दुपारपर्यंत मोकळे होतात. इथे यंत्राबरोबर चालक मागवला की ने-आण करण्याचे पैसे वेगळे, तासाचे वेगळे, आणि बर्फाच्या सकाळी तो येईलच असं नाही.

ट्रॅक्टर घ्यायचं ठरल्याचं सांगितल्यावर सांगलीहून मामांचा पहिला प्रश्न होता, “किती एचपी?” तिकडे तो बरोबरच आहे. पलटी नांगर किंवा रोटाव्हेटर ओढायचा तर एचपी लागतात, बाजारभावही एचपीवर ठरतो. इथल्या कामाला मात्र तो प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, हे मला माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवल्यावर लख्ख दिसलं.

कुबोटा या जपानी कंपनीचीच दोन मॉडेलं घ्या. बीएक्स२३८० साधारण साडेएकवीस एचपीचा आणि एल२५०१ पावणेपंचवीसचा. फरक तीन एचपीचा. पण पहिल्याचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, दुसऱ्याचं बाराशेच्या जवळ. पहिल्याचा लोडर पूर्ण उंचीवर साधारण ३३५ किलो उचलतो, दुसऱ्याचा पाचशेच्या पुढे. इंजिन जवळजवळ तेवढंच, यंत्र मात्र दुप्पट. पहिल्या गटाला इथे सबकॉम्पॅक्ट म्हणतात, दुसऱ्याला कॉम्पॅक्ट, आणि खरी निवड या दोन गटांमध्ये असते. ब्रँडचे वाद नंतरचे.

लोडरचा आकडा वाचतानाही डोळे उघडे ठेवायला हवेत. बहुतेक ठिकाणी तो बकेट जिथे अडकते त्या पिनेवर मोजलेला असतो. माल असतो पिनेच्या पुढे, बकेटच्या पोटात. त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी उचलतं. काही कंपन्या पिनेपुढे ५०० मिलिमीटरवरचा आकडाही देतात. तो शोधा, तोच खरा. आणि बकेटचं वजन त्यातूनच जातं.

आता हे आकडे कामाला लावून बघू. सबकॉम्पॅक्टच्या बकेटमध्ये साधारण सहा घनफूट माल बसतो. बर्फ असेल तर काहीच नाही. ओली माती असेल तर तेवढ्यातच पावणेतीनशे-तीनशे किलो झाले, म्हणजे यंत्र आपल्या मर्यादेला टेकलं. दीड फूट जाडीचा, सहा फूट लांबीचा ओल्या ओकचा ओंडका घ्या, तोही तीनशे किलोच्या घरात जातो. आमच्या रानात ओक भरपूर, म्हणून आम्ही कॉम्पॅक्टकडे वळलो. फक्त गवत आणि बर्फ असता तर मी बीएक्सच घेतला असता, आणि तो चालवायला जास्त मजेचा आहे हेही सांगते.

विकणारे ज्यावर पुरेसं बोलत नाहीत ती गोष्ट म्हणजे मागचं वजन. लोडरने जड काही उचललं की पुढचा ॲक्सल टेकू होतो, पुढे माल खाली दाबतो आणि मागची चाकं हलकी होतात. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. उतारावर, टू व्हील ड्राइव्हमध्ये, मागची चाकं जमिनीवरून सुटली तर ब्रेक दाबूनही काही होत नाही, ट्रॅक्टर सरळ खाली धावतो. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असेल तर पुढची चाकं मागच्यांशी जोडलेली राहतात आणि ब्रेक त्यांनाही लागतो. म्हणून लोडरचं काम नेहमी फोर व्हीलमध्ये, बकेट जमिनीलगत, आणि मागे थ्री पॉइंटवर, म्हणजे अवजारं जोडायच्या दांड्यांवर, वजनाचा डबा. डब्यात वाळू किंवा काँक्रीट भरतात. मागच्या टायरांत द्रव भरण्याचीही पद्धत आहे. पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरत, ते रिम गंजवतं. आता बरेच जण बीटच्या रसापासून केलेलं द्रव भरतात. ते गोठत नाही आणि पाण्यापेक्षा जड असतं. ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी डोक्यावरची लोखंडी कमान उभी असली तरच सीटबेल्ट लावायचा; कमान दुमडली असेल तर पट्टा लावायचा नाही. घराच्या गॅरेजचं दार बहुधा सात फूट उंच, म्हणून दुमडणारी कमान लागतेच.

आता २५ एचपीची गंमत. डीलरकडच्या ट्रॅक्टरांची रांग बघितलीत तर दिसेल की २४.५, २४.७, २४.८ असे आकडे खच्चून भरलेत. कारण सरकारी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा टियर ४ हा नियम १९ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण साडेपंचवीस एचपीच्या वर धुरातल्या काजळीवर कडक मर्यादा घालतो. २०१३ पासून त्या गटातल्या बहुतेक छोट्या डिझेल इंजिनांना काजळी गाळणारा फिल्टर लागला. फिल्टर भरला की इंजिन एक्झॉस्ट तापवून काजळी जाळतं, आणि त्यासाठी यंत्र बराच वेळ नीट गरम चालावं लागतं. सकाळी वीस मिनिटं बर्फ सरकवून बंद करणाऱ्याला ते सोसत नाही. रोज सलग दोन-चार तास काम असेल तर फिल्टर त्रास देत नाही, आणि ३३-३५ एचपीचं बळही मिळतं. पण आमच्यासारख्यांनी रेषेच्या खालीच राहावं, असं माझं ठाम मत आहे. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं हा वेगळा ताप. त्याला हिवाळी डिझेल. आणि गारठलेलं इंजिन सुरू व्हावं म्हणून रात्री लावायचा ब्लॉक हीटर.

गिअरबद्दल थोडक्यात. क्लच-गिअरचा ट्रॅक्टर स्वस्त, साधा, आणि शेतात सरळ तास ओढायला उत्तम. लोडरने मात्र पुढे-मागे, पुढे-मागे एवढंच करायचं असतं. तिथे हायड्रोस्टॅटिक घ्या: एका पेडलने पुढे, दुसऱ्याने मागे, क्लच नाही. थोडी ताकद त्यात जाते, जाऊ दे.

टायरांत तीन मुख्य जाती. शेतीचे आर१, ज्यांच्या खोल दातांनी हिरवळ सोलून निघते. गवताचे आर३, जे चिखलात फिरतच राहतात. आणि मधले आर४, जे लोडरवाले बहुतेक घेतात. आम्हीही तेच घेतले. पण जड यंत्राची एक किंमत असते. इथे गावाबाहेर प्रत्येक घराचं मैलापाणी अंगणातल्या टाकीत आणि तिथून जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्यांत जातं. त्या पट्ट्यावरून बाराशे किलोचं यंत्र नेलं तर माती दबते, नळ्या मोडू शकतात. आम्ही तिथे चक्क खुंट्या रोवल्यात. तेवढ्या भागात गवत छोट्या मशीनने.

नावांबद्दल तिकडचे वाचक हमखास विचारतील. कुबोटा आणि जॉन डिअर सगळीकडे दिसतात. कोरियाचे कियोटी आणि टीवायएम किमतीला बरे, आणि महिंद्रा १९९४ पासून इथे विकते. आपलं नाव लाल बॉनेटवर पाहून छाती जरा फुगते, नाकारत नाही. तरीही मी ब्रँडपेक्षा डीलरचं अंतर आधी पाहीन. हायड्रॉलिक होज फुटली आणि डीलर शंभर मैलांवर असला, तर ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून न्यायला पिकअप आणि अर्धा दिवस लागतो. जपानी भातशेतीतून निवृत्त झालेले जुने छोटे ट्रॅक्टरही इथे विकायला येतात, लिव्हरवर जपानी अक्षरं असलेले. दिसायला गोंडस, भाव मोहात पाडणारा. पण अनेकांना कमान नसते आणि सुट्या भागांसाठी वणवण. मी त्या वाटेला गेले नाही.

पैशांचं बोलायचं तर शून्य टक्के व्याजाची जाहिरात मोठ्या अक्षरात असते. बऱ्याचदा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट त्यात मिळत नाही, म्हणजे व्याज किमतीतच बसलेलं असतं. दोन्ही आकडे लिहून मागा. मागे बॅकहो, म्हणजे खणायचा हात, लावून घेण्याचा आग्रहही होईल. वर्षातून एखादा चर खणायचा असेल तर छोटा एक्स्कॅव्हेटर दिवसाच्या भाड्याने आणावा. (खणण्याआधी ८११ ला फोन करायचाच, ते येऊन जमिनीखालच्या गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा कुठून जातात तिथे वरून रंग मारून जातात, फुकट.)

त्या पैशांत पॅलेट फोर्क घ्या, म्हणजे फोर्कलिफ्टचे दोन दात. ओंडके, दगड, फळ्या, सगळ्याला बकेटपेक्षा तेच जास्त हाताशी येतात. लोडरला स्किड स्टीअर (छोटं लोडर यंत्र) पद्धतीची झटपट जोडणी असेल तर कोणत्याही दुकानातले बसतात. जॉन डिअरच्या छोट्या ट्रॅक्टरांची जोडणी वेगळी असते, तिथे विचारून घ्या. फोर्कचं वजनही उचलण्याच्या आकड्यातून जातं. शेगडीत जाळायच्या लाकडी गोळ्यांचा पॅलेट, म्हणजे पाटावर रचलेला ढीग, ४० पौंडांच्या ५० पिशव्यांचा, म्हणजे नऊशे किलोंचा असतो, तो आमच्याने उचलत नाही. ट्रकवाला रस्त्याकडेला उतरवतो, मग आम्ही वीस-वीस पिशव्या एका लाकडी पाटावर रचून फोर्कवर घेतो आणि शेडपर्यंत नेतो.