वर्षभराच्या वाचनाची नोंद: माझा अनुभव

आमच्या नागपूरच्या वाचनगटात वर्षाला किती पुस्तकं वाचायची या आकड्यावरून कधी वाद झाला नाही. कोणी वर्षाला बारा पुस्तकं ठरवली, कोणी पन्नास, मी छत्तीस, म्हणजे महिन्याला तीन. वाद झाला तो पुस्तक कशाला म्हणायचं यावरून. दीक्षाभूमीवरून आणलेली बत्तीस पानी पुस्तिका धरायची का? दिवाळी अंक? आईला वाचून दाखवलेली कादंबरी? दुसऱ्यांदा वाचलेलं पुस्तक? नोंद ठेवायची तर ही उत्तरं जानेवारीतच हवीत. नाहीतर डिसेंबरात बेरजेला बसलं की प्रत्येक जण आपापल्या सोयीनं मोजतो.

आमच्या गटातले एक निवृत्त ग्रंथपाल काका यात कामी आले. युनेस्कोनं १९६४ साली आकडेवारीसाठी केलेली व्याख्या त्यांना तोंडपाठ होती: मुखपृष्ठ सोडून किमान ४९ पानं असतील आणि ते नियतकालिक नसेल, तर ते पुस्तक. ५ ते ४८ पानं असतील तर पुस्तिका. बहुतेकांना हे पटलं. मला निम्मं पटलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि गावोगावहून आलेली माणसं परतताना पिशव्या भरून पुस्तकं घेऊन जातात. त्यात पातळ, स्वस्त पुस्तिका पुष्कळ असतात. मीही घेते. अशी एखादी पुस्तिका मी रेघा मारत, मागे-पुढे जात वाचते, आणि एखाद्या हलक्याफुलक्या कादंबरीपेक्षा तिला जास्त वेळ लागतो. छत्तिसात मी त्या धरल्या नाहीत, पण नोंदीतून गाळायला मन तयार होईना. म्हणून वहीची मागची पानं पुस्तिकांसाठी ठेवली.

दिवाळी अंकांचं कोडं याहून अवघड होतं. युनेस्कोच्या हिशेबानं ते नियतकालिक, म्हणजे बादच. पण १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात नोव्हेंबर ते जानेवारी जे वाचलं जातं ते प्रामुख्यानं हेच. आमचं वाचनालय वेगळी वर्गणी घेऊन अंक आळीपाळीनं घरी देतं. आमच्याकडे येईपर्यंत मुखपृष्ठाचे कोपरे दुमडलेले असतात आणि शब्दकोडं कोणीतरी पेन्सिलीनं अर्धं सोडवलेलं असतं. त्यात दीर्घकथा असते, मुलाखत असते, कधी आख्खी कादंबरी असते. हे वाचन मोजायचंच नाही हे मला मान्य नव्हतं. शेवटी असं ठरलं की राशिभविष्य आणि जाहिराती सोडून अंक पूर्ण वाचला तर एक पुस्तक, नाहीतर त्यातलं जे वाचलं त्याची नावं मागच्या पानांवर.

सुरुवातीला मी गुडरीड्स हे वाचनाची नोंद ठेवायचं ॲप वापरलं. इंग्रजी पुस्तकांसाठी ते फार सोयीचं आहे. वर्षाचं लक्ष्य टाकायचं, पुस्तक संपल्याची तारीख भरायची, की आकडा आपोआप पुढे सरकतो. तारीख मात्र भरावीच लागते, कारण वर्ष धरलं जातं ते पुस्तक संपल्याच्या दिवसावरून. डिसेंबरात सुरू करून जानेवारीत संपवलेलं पुस्तक नव्या वर्षात जातं. हा नियम गटानंही उचलला. मराठी पुस्तकांपाशी मात्र अडायला होतं. एकच पुस्तक एकदा देवनागरीत सापडतं, एकदा रोमन अक्षरांत, आणि पानांची संख्या तिसऱ्याच आवृत्तीची असते. खात्रीचा मार्ग म्हणजे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, टाकून शोधणं. मागच्या कव्हरवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक असेल तर तो तसाच टाकायचा. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा आकडी असतो. त्याला पुढे नुसतं ९७८ जोडून चालत नाही, शेवटचा तपासणी अंकही बदलतो, म्हणून तो दहा आकडीच टाकावा. आणि वाचनालयातल्या जुन्या, बांधणी केलेल्या पुस्तकांवर तर क्रमांकच नसतो. माझं निम्मं वाचन या जुन्या पुस्तकांचं.

म्हणून इतवारीतून हिशेबाची लाल कापडी वही आणली. लांबट, आडव्या रेघांची, दुकानदार वापरतात तशी. रकाने पट्टीनं मीच आखले: सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, नाव, लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचं साल, पानं, कुठून आलं, आणि शेवटी एका ओळीची जागा.

‘कुठून आलं’ हा रकाना मला सर्वांत प्रिय झाला. वाचनालय, बर्डीच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं, शेजारच्या काकूंचं कपाट, दीक्षाभूमी. वाचनालयाच्या पुस्तकाला शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीही मी पाहून ठेवते. एका चरित्राच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे शिक्के १९८७ पासून होते. आधी महिन्याला एक-दोन, मग वर्षाला एक, मग बरीच वर्षं काहीच नाही, आणि त्याखाली माझी तारीख. माझ्या वहीतल्या ओळीशेजारी ते सालही लिहिलं. असं पुस्तक पुन्हा कोणीतरी वाचलं, याची नोंद कुठेतरी राहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रोजचं वाचन मेट्रोत होतं. सुभाष नगरला चढते, झाशी राणी चौकात उतरते. तेवढ्यात फार पानं होत नाहीत, पण रोज होतात. उतरताना बुकमार्कच्या कागदावर पान क्रमांक लिहायचा आणि रविवारी वहीत चढवायचा, एवढीच शिस्त पाळली. मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोयच नसते, तेव्हा कूलरसमोर बसून मोठी पुस्तकं काढली. कूलरच्या दमट हवेनं पानं फुगतात, म्हणून वाचनालयाचं पुस्तक मी झोताच्या बाजूला घेऊन बसते.

मोठ्या पुस्तकांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. आकडा मागे पडू लागला की हात आपोआप पातळ पुस्तकाकडे जातो. साडेसातशे पानांची कादंबरी आणि नव्वद पानांचा कवितासंग्रह वहीत सारखीच एक-एक ओळ घेतात. म्हणून जुलैपासून महिन्याच्या शेवटी पानांचीही बेरीज लिहू लागले. तेव्हापासून जाडजूड पुस्तक घेताना मनात हिशेब येत नाही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांनाही ओळ द्यायची: कोणत्या पानावर सोडलं आणि का. ‘अनुवाद फार अडखळतो’, ‘अक्षर बारीक’, ‘आत्ता नको, दुःख जास्त आहे’. पुढे कोणी पुस्तक सुचवा म्हटलं की या ओळी फार उपयोगी पडतात.

आईचे डोळे अधू झालेत, म्हणून रात्री जेवणं झाली की तिला वाचून दाखवते. वही काढली की ती विचारते, “काय लिहून राहिली वं?” मी सांगते, “तुझंही पुस्तक मांडून राहिली.” मोठ्यानं वाचलेलं आम्ही दोघींच्याही नावावर धरतो, आणि गटानं ते एकमतानं मान्य केलं. ऑडिओ पुस्तकंही धरली, फक्त पानांऐवजी तास लिहायचे.

वर्षअखेरीला वही आणि ॲप यांचा ताळा जुळवला. गुडरीड्सवरून यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, उतरवून घेता येते. ती थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं येऊ शकतात. गूगल शीट्समध्ये आणली की नावं नीट दिसतात. वहीतली राहिलेली पुस्तकं तिथेच हातानं भरली आणि विषयवार मोजणी लावली. छत्तीस पूर्ण झाली होती. त्याहून जास्त वेळ मी त्या मोजणीकडेच बघत बसले. चरित्रं भरपूर, अनुवाद बरे, नाटक एक, आणि हिंदी पुस्तक एकही नाही. १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं, आजही भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत आम्ही दिवसभर दोन्ही बोलतो, आणि माझ्या वाचनात त्यातली एकच भाषा आहे, हे मला पटेना. यंदाच्या वहीत ‘मूळ भाषा’ असा रकाना वाढवला आहे, आणि तिनातलं एक हिंदी असं ठरवलं आहे. वाचनालयात हिंदीची कपाटं आतल्या खोलीत आहेत. जानेवारीचं पुस्तक तिथून आणलंय, एकशे बाराव्या पानावर आहे.