नागपूरच्या मातीत चालणारा डिटेक्टर: चाचणीपट्टीची पहिली नोंद

यंत्रं तपासायला नाणी पुरून केलेल्या चाचणीपट्टीवरून एक पावसाळा गेला आणि माती बसली, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मधल्या किमतीच्या मेटल डिटेक्टरांपैकी नागपूरच्या आसपास कोणता घ्यावा, एवढाच प्रश्न आहे. नवे लोक आधी खोली विचारतात. इथे त्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात: मातीतलं लोह आणि आपल्या नाण्यांतलं लोह.

आधी माती. दख्खनच्या बेसाल्टचा पसारा नागपूरपाशी संपत येतो. काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे काळी माती आणि खाली काळा मुरूम. भंडाऱ्याच्या दिशेने निघालात की नीससारखे जुने खडक आणि फिक्या रंगाची जमीन. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात आणि ते मातीतही उतरतात. चुंबक पिशवीत घालून कोरड्या काळ्या मातीत फिरवा, पिशवीला काळी पूड चिकटेल. डिटेक्टरला ही पूड सतत ऐकू येते आणि खालच्या नाण्याचा बारीक आवाज तिच्यात बुडतो. त्यामुळे एकच यंत्र कन्हानच्या वाळूत छान चालतं आणि काटोल रोडच्या वावरात गोंधळतं. दोष यंत्राचा नसतो.

म्हणून निवडीची पहिली चाळणी आमच्या मते ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज यंत्राला दुर्लक्षित करायला लावणारी सोय. गॅरेट एस ४०० आय मध्ये तो कारखान्यातच ठरवलेला असतो, आपल्याला हलवता येत नाही. मायनलॅब व्हँक्विश ५४० मध्येही वापरणाऱ्याला तो बदलता येत नाही, पण ते एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरत असल्याने मातीचा गोंगाट बऱ्यापैकी वेगळा काढतं. नोक्टा सिम्प्लेक्स एकाच फ्रीक्वेन्सीवर चालतं, पण पंप करून, म्हणजे जमिनीवर खाली-वर हलवून, बॅलन्स करता येतं. एक्स-टेरा प्रोमध्ये ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झ यांतली एक निवडायची आणि बॅलन्सही स्वतः करायचा. नोक्टा लेजंड आणि इक्विनॉक्स ७०० मध्ये दोन्ही मिळतं, अनेक फ्रीक्वेन्सी आणि हाताने बॅलन्स. काळ्या मातीत फिरायचं असेल तर या शेवटच्या दोघांपैकी एक घ्या, पैसे कमी असतील तर एक्स-टेरा प्रो. फक्त नदीकाठ, मैदानं आणि अंगण करणार असाल तर व्हँक्विश पुरेसं आहे. चार पेन्सिल सेलवर चालतं, ही गावाकडे मोठी सोय. मात्र त्याची कॉइलच (जमिनीवर फिरवायची तबकडी) पाण्यात घालायची, बटणांचा डबा नाही.

बॅलन्स करायची रीत अशी. आधी ज्या जागेखाली धातू नाही अशी जागा शोधा. बॅलन्सचं बटण दाबून धरा, कॉइल जमिनीला समांतर ठेवून सुमारे ३० सेंटिमीटर उचला आणि जमिनीपासून ३ सेंटिमीटरवर आणा. हे सावकाश चार-पाच वेळा. उचलताना आणि टेकवताना आवाज सारखा झाला की सोडा. खाली खिळा असेल तर बॅलन्स चुकतो आणि पुढचा सगळा दिवस पडद्यावर धातू ओळखायचे आकडे चुकीचे दिसतात. काळ्या मातीवरून बरड जमिनीवर गेलात, की परत करा.

सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. लोहयुक्त मातीत ती वाढवली की मातीचाच आवाज वाढतो आणि यंत्र तिथेच अडकतं. दोन-तीन पायऱ्या खाली आणली तर प्रत्यक्षात जास्त खोलवरचं ऐकू येतं. तेच कॉइलचं. मोठी कॉइल एका वेळी जास्त माती बघते, म्हणून काळ्या मातीत लहान कॉइल बरेचदा तिच्या बरोबरीने जाते.

आता नाणी. परदेशी तक्ते इथे कामाचे नाहीत. आपल्याकडचे आजचे एक आणि दोन रुपयांचे नाणे फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे चुंबकाला चिकटणारे. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज बंद करायची सोय) लावून लोह बंद केलंत की ही नाणी खिळ्यांसोबत गप्प होतात. त्याआधीची क्युप्रोनिकेलची (तांबं-निकेल मिश्रणाची) नाणी मधल्या आकड्यांत येतात. १९६० नंतरच्या दशकांतले अ‍ॅल्युमिनियमचे कडेवर लाटा असलेले दहा पैसे आणि षट्कोनी वीस पैसे गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलशेजारी बोलतात. ११.६६ ग्रॅमचा जुना चांदीचा रुपया मात्र स्पष्ट, वरच्या टोकाला. १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा, तोही चुंबकाला चिकटतो, हे अनेकांना माहीत नसतं. म्हणून नव्या यंत्रासोबत पहिलं काम: घरातली सगळी चिल्लर काढा, चुंबकाने दोन ढीग करा, एकेक नाणं कॉइलवरून नेऊन आकडा वहीत लिहा. विकत घेण्याआधी दुकानात हेच करू दिलं तर उत्तम.

अंगठीचं दुखणं वेगळं. पातळ सोन्याची अंगठी आणि कीटकनाशकाच्या पुडीचं फॉइल एकाच पट्ट्यात येतं. मंगळसूत्राची वाटी सापडते, पण बारीक साखळी जवळजवळ नाही, कारण यंत्राला प्रत्येक कडी सुटी-सुटी दिसते. कोणी हरवलेली साखळी शोधायला बोलावलं तर आधीच सांगा, की आपण पेंडंट किंवा फासा शोधणार आहोत.

शीतपेयाचं लोखंडी झाकण हा अनेक फ्रीक्वेन्सीच्या यंत्रांचा कच्चा दुवा. ते चांगल्या धातूसारखं वाजतं. खात्री करायची तर कॉइल त्यावरून हळूहळू मागे ओढा; काठाकडे जाताना आवाज लोहाकडे तुटला तर झाकण. इक्विनॉक्स किंवा एक्स-टेरात ५ किलोहर्ट्झवर जाऊन पुन्हा ऐका. आयर्न बायस (संशयी आवाज लोह ठरवणारी सेटिंग) वाढवला तर झाकणं कमी वाजतात, पण खिळ्याशेजारचं नाणंही लपतं. वावरात बैलाचे नाल आणि वखराच्या पासेचे तुकडे जागोजाग असतात, म्हणून तिथे बायस कमीच ठेवावा.

पट्टीची रचना. सुमारे ६ मीटर लांब आणि १ मीटर रुंद जागा, आधी ऑल-मेटल मोडमध्ये (सगळे धातू वाजू देऊन) पूर्ण साफ. लक्ष्यं ७५ सेंटिमीटर अंतरावर, १०, १५ आणि २० सेंटिमीटर खोल, बहुतेक आडवी. एक तिरपं नाणंही ठेवलंय, कारण उभं नाणं अर्धाच आवाज देतं. पण उकरून पुरलेलं नाणं आणि वर्षानुवर्षं बसलेलं नाणं यांत फरक पडतो, मातीचे थर विस्कटलेले असतात. त्यासाठी कडेला खड्डा करून बाजूने ५० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप आडवे सारले, म्हणजे वरची माती जशीच्या तशी राहिली. बांबूच्या कामटीवर नाणं चिकटवून आत सरकवायचं. ३२ मिलिमीटरचा पाइप घेऊ नका, चांदीचा रुपया अडकतो. रिकाम्या पाइपवरही एकदा फिरवून बघा: लोहयुक्त मातीत पोकळी स्वतःच हलका आवाज देते. याच कारणाने मे महिन्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांवर यंत्र खोटं बोलतं. त्या भेगांतून छोट्या वस्तू खालीही घसरतात, त्यामुळे इथे खोलीवरून काळाचा अंदाज बांधू नये.

खोदायला ऑक्टोबर ते जानेवारी चांगला. पावसात माती खुरपीला लिंपते, उन्हाळ्यात सब्बलही उडते. ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात लिथियम बॅटरीचं यंत्र गाडीत ठेवू नका.

गोंगाटाच्या जागा: कोराडी आणि खापरखेड्याकडून येणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांखाली, मेट्रोच्या २५ किलोव्होल्टच्या तारांजवळ आणि चालू मोटरपंपापाशी यंत्र सतत चरचरतं. दर सेकंदाला एक टिक ऐकू आली तर शेजारच्या वावरातलं झटका मशीन (कुंपणात विजेचे झटके सोडणारं) शोधा. शेतकऱ्याला विचारून ते काही वेळ बंद ठेवता येतं. बाकी ठिकाणी कॉइल स्थिर धरून नॉइज कॅन्सल (बाहेरच्या विजेचा गोंगाट टाळायची सोय) करा, तरी थांबलं नाही तर फ्रीक्वेन्सी बदला. वीजकेंद्रांची राख टाकलेल्या भरावावर बॅलन्स बसणं कठीण, राखेतही चुंबकीय कण असतात. वीटभट्टीजवळचा भाजलेला तुकडा तर धातूसारखाच वाजतो.

आणि हे सगळ्यांनी पाळलंच पाहिजे. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाटची दगडी वर्तुळं, मनसरची टेकडी, रामटेक: या जागांवर डिटेक्टर न्यायचाच नाही. संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित असतात, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. जुनापाणीच्या वर्तुळांत महापाषाणकालीन लोखंड आणि तांबं कोणत्या थरात, कशाशेजारी सापडतं यावरच त्यांचा अर्थ लागतो. एक खड्डा ते कायमचं पुसतो. खाजगी वावरात मालकाची लेखी परवानगी घ्या. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. तसा काही तुकडा दिसला तर हात थांबवा, जागेवर फोटो काढा, वस्तू साफ करू नका.

पुढच्या नोंदीसाठी राहिलेलं काम: तुरीचं पीक निघाल्यावर लेजंड आणि एक्स-टेरा प्रो लहान कॉइल लावून एकाच बरड धुऱ्यावर, मालकाच्या परवानगीने, शेजारी-शेजारी फिरवणे, आणि २० सेंटिमीटर खोलीवरच्या पाइपमध्ये चांदीचा रुपया व स्टीलचा रुपया एकाच कामटीवर जोडून कोणता आवाज कोणाला झाकतो ते लिहून काढणे.