प्रीॲम्पवरची टिकली

आमच्या दादरच्या घरात दिवाणखाना एकच आहे आणि गेल्या वर्षापर्यंत त्यात दोन ध्वनियंत्रणा वेगळ्या चुली मांडून राहत होत्या. मुलाच्या बाजूला टीव्ही, चित्रपटाचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटून देणारा होम थिएटरचा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर होता. माझ्या बाजूला रेकॉर्ड प्लेअर, त्याचा क्षीण संकेत सावरून आवाज कमी-जास्त करणारा स्टिरिओ प्रीॲम्प, त्या संकेताला स्पीकर हलवण्याइतके बळ देणारा पॉवर ॲम्प आणि दोन उंच स्पीकर. गणपतीच्या आठवडाभर आधी पत्नीने विचारले, "अहो, यातली एक जोडी तरी हलवाल का? मखर कुठे मांडायचे?" आणि एकत्रीकरणाचा निर्णय घेतला गेला.

रेकॉर्ड प्लेअर सरळ रिसीव्हरलाच जोडावा, असे मुलाचे म्हणणे होते. मी ते मानले नाही. सीडी प्लेअर साधारण 2 व्होल्टचा संकेत देतो, तर रेकॉर्डवर फिरणाऱ्या साध्या मूव्हिंग मॅग्नेट सुईतून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कोरताना मंद्र स्वर दाबलेले आणि तार स्वर उचललेले असतात, ते 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात, पुन्हा सरळ करावे लागतात. हे नाजूक काम माझा प्रीॲम्प निगुतीने करतो. रिसीव्हर मात्र बाहेरून आलेला संकेत एरवी आधी आकड्यांत बदलतो, त्यावर संस्कार करतो आणि मग पुन्हा त्याचा आवाज करतो. माझ्या वयाच्या कानांना हा फरक डोळे मिटून ओळखता येईल, अशी पैज मी लावणार नाही. पण चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर उन्हात उकिडवे बसून निवडलेल्या रेकॉर्डचे आकडे व्हावेत, हे मनाला पटत नव्हते.

तोडगा जुनाच आहे. रिसीव्हरच्या पाठीमागे पुढच्या डाव्या-उजव्या वाहिन्यांचे प्रीआउट, म्हणजे स्पीकरचे बळ देण्याआधीचा संकेत बाहेर काढायची जागा, असते. तिथून दोन तारा प्रीॲम्पच्या ऑक्स नावाच्या जादा खाचेत न्यायच्या, प्रीॲम्पमधून पॉवर ॲम्पकडे आणि तिथून माझ्या उंच स्पीकरांकडे. मधला आणि मागचे स्पीकर रिसीव्हरकडेच राहतात. गाणे ऐकताना रिसीव्हर बंद ठेवता येतो. चित्रपटाच्या वेळी मात्र प्रीॲम्पने आवाजात हात न घालता संकेत जसाच्या तसा पुढे सोडायचा असतो. यासाठी काही प्रीॲम्पवर बायपासची खास सोय असते. माझ्या प्रीॲम्पवर ती नाही. त्यामुळे त्याची नॉब एका ठरावीक जागी आणून ठेवावी लागते आणि मग रिसीव्हरचा मायक्रोफोन सोफ्यावर कानाच्या उंचीला मांडून सगळ्या स्पीकरांचे मोजमाप करावे लागते. त्या वेळी घरात शांतता हवी. आमच्याकडे पहिल्या खेपेस कुकरची शिटी झाली, दुसऱ्या खेपेस खाली भंगारवाला ओरडला. नॉबची जागा मी पेन्सिलीने आखत होतो, तेवढ्यात पत्नीने आरशावरची लाल टिकली काढून नेमकी बाराच्या काट्यावर चिकटवली.

खरी परीक्षा पुढे होती. तारा जोडल्यावर उंच स्पीकरांतून घूं असा आवाज येऊ लागला, तोही रिसीव्हर बंद असताना. आपली वीज 50 हर्ट्झची. तिची घरघर 50 आणि 100 हर्ट्झवर ऐकू येते. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या वर ही 100 हर्ट्झची घरघर ना धड तीव्र मध्यम, ना धड पंचम. बेसुराच असायचा तर निदान एका बाजूला तरी असावा! बोलावलेल्या वायरमनने प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. विजेच्या धक्क्यापासून वाचवणारी तीच पिन असल्यामुळे मी त्याला चहा पाजून परत पाठवले. मग एकेक तार उपसत गेलो. गच्चीवरून येणारी केबल टीव्हीची तार सेट टॉप बॉक्समधून काढताच घरात शांतता पसरली. केबलवाल्याची जमीन, म्हणजे अर्थिंग, वेगळी, आमची वेगळी, आणि त्या दोन जमिनींमध्ये फिरणारा प्रवाह माझ्या स्पीकरांतून गात होता. लॅमिंग्टन रोडवरून हा दोन जमिनींचा संबंध तोडणारा अंगठ्याएवढा आयसोलेटर आणून त्या तारेत बसवला आणि तंबोरा मोकळा झाला.

तरी एका रात्री व्हायचे ते झालेच. दुपारी रेकॉर्ड ऐकताना मी नॉब तीनच्या काट्यापर्यंत नेली होती आणि तशीच विसरलो. रात्री मुलाने चित्रपट लावला, तेव्हा डावी-उजवीकडून तोफा धडाडल्या आणि मधल्या स्पीकरमधला नायक मात्र आजारी माणसासारखा पुटपुटत राहिला. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. "बाबा, टिकली!" एवढेच मुलगा म्हणाला.

परवा धूळ पुसताना ती टिकली पडली. पत्नीने दुसरी लावली आहे, पण ती साडेबाराकडे सरकल्यासारखी वाटते. रविवारी कुकर उतरला की मायक्रोफोन पुन्हा मांडावा लागेल.