शंभर पानी वहीतला वर्ग

आमच्याकडे त्याला शेलापागोटे म्हणायचे. शहरातल्या शाळांत 'फिशपाँड' हा शब्द तोवर पोचला होता, पण वाईत शेलापागोटेच. शेला म्हणजे मानाचं उपरणं, पागोटं म्हणजे मानाची पगडी. हे दोन्ही शब्दांत गुंडाळून एखाद्याच्या अंगावर फेकायचं आणि त्याची यथेच्छ खोडी काढायची, असा हा सत्कार. दहावीच्या निरोप समारंभात दोन दोन ओळींचे शेलापागोटे वाचले जात. १९९४ साली आमच्या तुकडीचे लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण फार मोठं नव्हतं. 'कृष्णाकाठची संध्याकाळ' या निबंधात मी 'रम्य' हा शब्द चार वेळा वापरला होता, त्यामुळे वर्गाने मला कवी ठरवून टाकलं होतं.

वर्गशिक्षिका बाईंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. "कुणाचं रूप, कुणाची परिस्थिती आणि कुणाची कुणाशी जोडी, या तीन गोष्टींना हात लावायचा नाही. आणि वाचायच्या आधी वही मला दाखवायची." मी मान डोलावली आणि घरी येऊन वही उघडली, तर लक्षात आलं की माझा पाऊण माल या तीन अटींतच जप्त झालाय. जाड्या, काड्या, बुटक्या सगळे बाद. मग उरलं काय? उरली ती अठ्ठावन्न माणसं, आणि ती मला आता बघावी लागणार होती. आजवर मी तिसऱ्या बाकावरून त्यांच्या पाठीच बघत आलो होतो.

सुरुवात पटावरच्या एक नंबरपासून केली. आडनाव 'अ'वरून, त्यामुळे पहिलीपासून दहावीपर्यंत हा कायम पहिला. तोंडी परीक्षा, आधी हा. प्रयोगवहीची तपासणी, आधी हा. शाळेत धनुर्वाताची सुई टोचायला माणसं आली की पन्नासेक पोरं दाराआडून याच्याच चेहऱ्याकडे टक लावून असत. बिचारा दंड चोळत बाहेर यायचा आणि सगळ्यांना "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं," म्हणून सांगायचा. आवाज मात्र रडवेला.

पहिला नंबर लागतो याचा, पण कुठे ते सांग!
एक हजेरीचा पट, अन् दुसरी सुईची रांग.

मग 'विश्वकोश'. हे टोपणनाव दुसऱ्या गावात कुणाला सुचलं नसतं. मराठी विश्वकोशाची कचेरी आमच्या वाईत. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आमच्या गावातलं मोठं नाव. पाहुणा आला की ढोल्या गणपती दाखवून झाल्यावर "आणि इथे विश्वकोश तयार होतो" असं सांगायची पद्धत होती. आत नेमकं काय चालतं हे आम्हा पोरांना विचाराल तर शपथ. पहिला खंड १९७६ साली निघालेला, म्हणजे आमच्या जन्माच्या आधीचा, आणि त्याच्या पाठीवर 'अंक ते आतुरचिकित्सा' असं लिहिलेलं. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही तो फक्त उचलून बघायचो, कुणाच्या हातात किती दम आहे ते पाहायला. तर हा आमचा मित्र त्या खंडासारखाच 'अ'पासून सुरू व्हायचा. "पानिपतची तिसरी लढाई कधी झाली?" असा प्रश्न असला तरी हा आधी पहिल्या लढाईत शिरायचा, बाबराच्या तोफांपाशी रेंगाळायचा, मग दुसरी. अब्दाली खैबरखिंडीत पोचेपर्यंत तास संपलेला.

प्रश्न साधा विचारा, हा सांगणार 'अ'पासून;
घंटा झाली 'क'पाशी अन् बाई गेल्या त्रासून.

पहिली येणारी जी मुलगी होती तिच्यावर लिहिणं सोपं होतं. प्रत्येक वर्गात अशी एक असतेच. हातात एकवीस अपेक्षित, डोळ्यांत पाणी. चाचणी असो की सहामाही, पेपर सुटला की जिन्यात उभी राहून रडायची, मैत्रिणी पाठीवरून हात फिरवायच्या, आणि ज्यांचं खरोखर पानिपत झालेलं असे ते आम्ही मुकाट्याने बाजूने उतरायचो. तेव्हा गणिताचे दोन पेपर मिळून दीडशे गुण असत.

पेपर सुटला की ही रडते, 'गेले, गेले, गेले!'
दीडशेपैकी दोनच गेले, बाकी कुणी नेले?

बावधनच्या मित्रावर मात्र मी दोन दिवस अडलो. तो पहाटे धार काढून, सायकलला दोन किटल्या अडकवून वाईत यायचा, गणपती आळीत दुधाचे रतीब घालायचा आणि रिकाम्या किटल्यांसकट शाळेत हजर. प्रार्थनेला तो जवळ उभा असला की धारोष्ण दुधाचा वास यायचा. पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटायचे ते मधल्या सुट्टीतच उघडायचे. पण त्या वर्षी त्याच्या डोक्यात एकच विषय होता. बावधनच्या यात्रेचं बगाड रंगपंचमीला निघतं, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्याच दिवसांत. कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत ते अवजड धूड बैल ओढतात, वर शिडाला बगाड्या, म्हणजे नवसाचा माणूस, टांगलेला, आणि आपली बैलजोडी तिथे जुंपली जाणं म्हणजे त्या घरचा मान. बाईंनी एकदा त्याला विचारलं, "काय रे, तयारी कुठवर आलीय?" हा झोपेतून उठून म्हणाला, "झालीय बाई. बैलांना सरकी सुरू केलीय."

मी त्याला सांगितलं की तुझ्यावर लिहितोय. तो म्हणाला, "बैलांची नावं घातलीस तरच हसेन."

पुस्तक मिटून बसला, म्हणतो, 'अभ्यास झाला माझा';
एका डोळ्यात सर्जा याच्या, दुसऱ्या डोळ्यात राजा.

आणि मग आमचा उसनवार. याची कंपासपेटी मी एकदा भूमितीच्या तासाला जवळून पाहिली आहे. झाकणाचा पत्रा एका बिजागरीवर लोंबकळणारा. आत सहा चिंचोके, एसटीचं दुमडलेलं तिकीट, अर्धं ब्लेड, मोरपिसाचा डोळा आणि करकटकाचं नुसतं टोक. कोनमापक नाही, गुण्या नाही, पेन्सिल तर नाहीच. वर्तुळ काढायची वेळ आली की हा शांतपणे मागे वळून हात पुढे करायचा आणि चार बाकांवरून चार वस्तू त्याच्या हातात यायच्या. त्यात लाचारी अजिबात नसे. एखादा सर्जन हात पुढे करतो तसा करायचा. आणि एक सांगायला हवं, घेतलेली प्रत्येक गोष्ट तो परत करायचा, तीही टोक काढून. त्या अर्ध्या ब्लेडचं रहस्य हेच होतं. अख्ख्या वर्गाच्या पेन्सिली त्यानेच धारदार ठेवल्या असतील.

पेन कुणाचं, पट्टी कुणाची, शाई कुणाची, वही;
याची स्वतःची वर्गामध्ये एकच वस्तू — सही!

हे लिहून मी स्वतःवरच खूश झालो. बाकीच्यांवर भराभर उरकलं. पाणी प्यायला जोडीनेच जाणाऱ्या दोघी, फळा पुसायला मिळावा म्हणून भांडणारा, जन गण मन एक ओळ पुढे म्हणणारा. शेवटच्या बाकावरच्या पाचांना मिळून एकच पागोटं दिलं. त्यांची काही तक्रार नव्हती, सगळं त्यांच्यात तसंही सामाईकच असायचं.

सत्तावन्न झाले. माझा स्वतःचा नंबर धरून हं. तो मी जरा हात राखूनच लिहिला होता. राहिली ती एक्केचाळीस नंबरची. मुलींच्या रांगेत खिडकीकडून दुसरी. हजेरीला "हजर" म्हणायची ते बाईंना फक्त ओठांवरून कळायचं. वही व्यवस्थित, गुण मधले, वेणीला रोज तीच निळी रिबन. मी दोन दिवस त्या रिबनकडे बघितलं. ओळ सुचेना. शेवटी '४१' लिहून पुढे जागा कोरी ठेवली आणि वही बाईंच्या टेबलावर ठेवून आलो.

चार दिवसांनी वही परत आली ती लाल शाईने माखून. बाईंनी ती निबंधासारखी तपासली होती. 'त्रासून' या शब्दाखाली रेघ, आणि समासात: "त्रासले नव्हते. डोळा लागला होता." सर्जा-राजापुढे नुसती बरोबरची खूण. रडणारीच्या ओळींपुढे, "दोन कुठे गेले ते मलाही सापडलेलं नाही." उसनवाराच्या 'सही'भोवती गोल, आणि बाजूला एकच शब्द: "कुणाची?" माझ्या पोटात गोळा आला. कारण प्रगतिपुस्तकावर त्याच्या वडिलांची सही वर्षभर कोण करत होतं हे आम्हाला माहीत होतं. बाईंनाही माहीत असेल असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं. शेवटच्या पानावर माझा हिशेब होता. "ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका २३. कवी होण्याची घाई नको."

आणि '४१'पुढच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात: "ही हसते तेव्हा अख्खा बाक हलतो. शेजारणीचं अक्षर बघ."

शेजारणीचं अक्षर सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मराठीच्या पेपरात तिचे गुण दर वेळी अक्षरासाठी कापले जात. चांगल्या चार ओळी आणि मध्येच एक ओळ भूकंप झाल्यासारखी. आम्ही समजायचो हिचा हातच तसा.

समारंभ आमच्याच वर्गात झाला. नववीच्या मुलांनी फळ्यावर रंगीत खडूने कमळ काढलं होतं, बाकांवर कागदी डिशमध्ये पेढा, वेफर्स आणि एकेक केळं. मी टेबलाशेजारी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच सगळा वर्ग समोरून दिसला. एक नंबरने आपल्या ओळी ऐकून दंड चोळला. विश्वकोशाने उभं राहून "एक दुरुस्ती आहे" म्हणून सुरुवात केली आणि त्याला खाली ओढून बसवावं लागलं. बावधनकर बैलांची नावं येताच जागा झाला.

मग मी 'सही' वाचली. मागून कुणीतरी ओरडलं, "ती पण वडिलांची!" वर्ग फुटला. उसनवार उठून सगळीकडे हात जोडत होता. बाई खिडकीतून पांडवगडाकडे बघत होत्या, फार बारकाईने.

मी खिडकीकडच्या दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. एक्केचाळीस मान खाली घालून बसली होती, तोंडावर रुमाल, आवाज शून्य. बाक मात्र थरथरत होता. शेजारणीने सवयीने दोन्ही हातांनी आपली डिश धरून ठेवली होती. एक्केचाळीसची डिश धरायला कुणी नव्हतं. तिच्यातलं केळं हळूहळू कडेपर्यंत आलं, क्षणभर थांबलं आणि खाली पडलं.