डबा विसरला का घरी?

नागपूर-नागभीडची छोटी लाइन २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, त्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जायचं तर एसटी. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. सोबत कॉमिकांची तीन खोकी. लगेज फाडण्याआधी कंडक्टरने एक खोकं उघडायला लावलं, वरचं कॉमिक काढून घेतलं आणि नागभीड येईपर्यंत परत दिलं नाही. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच.

आमचं प्रकाशन म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. मी लिहिते, तो काढतो. गोडाऊन आईच्या दिवाणाखाली. दिल्लीत २०११ साली पहिलं कॉमिक कॉन झालं, त्यानंतर शहरांतून लहानमोठे मेळे भरायला लागले. त्यातल्या दोन-तीन छोट्या, स्वतंत्र मेळ्यांत आम्ही टेबल मांडून बसलोय. लोक येतात, 'आर्ट स्टाइल मस्त आहे' म्हणतात, फोटो काढतात, जातात. टेबलाचं भाडंही निघत नाही. त्यात आमची गोष्ट कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची. नवेगाव बांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटलाचं नाव तरी काहींनी ऐकलेलं असतं. आमचा नायक तर साधा कास्तकार, बत्तीस पानं नुसती तलावाची पाळ बांधतो. ऑफसेटला प्लेटांचा खर्च शंभर छापा की हजार, तेवढाच, म्हणून हजार छापल्या. हे गणित प्रेसमध्ये उभं असताना फार शहाणपणाचं वाटतं.

मावशी म्हणाली, मंडईत आण. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. माहेरवाशिणी येतात, सोयरे येतात, जमलंच तर एखादं लग्न जुळतं, दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ आणि रात्रभर नाटक. मावशीचं गाव वडशाजवळच, लाखांदूरच्या बाजूला. धान कापून बांधावर पडलेला, सगळीकडे त्याचा वास. जागेची पावती शंभर रुपये. एका बाजूला बांगड्या, दुसऱ्या बाजूला जिलबी. पुस्तकांच्या शेजारी जिलबी कधीही नको, हे मी आता अनुभवाने सांगते. पहिल्या तासात सात प्रती पाकाच्या बोटांनी गेल्या. त्या मुलांना ओरडायला मला जमलं नाही, कारण ती खरोखर वाचत होती. पाच जण एका प्रतीवर वाकून, संवादांचे फुगे मोठ्याने म्हणत.

पण विकत कुणी घेईना. एका बाईंनी विचारलं, "हे शाळेचं हाय का?"

"नाही."

"मंग कायले?"

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तिसऱ्या प्रहरी एक काका आले. पांढरा शर्ट, बोटांच्या पेरांत न गेलेला निळा रंग. उभ्या उभ्या सगळं कॉमिक वाचलं. मग पहिल्या पानापासून पुन्हा. भाऊ कोपराने मला ढोसत होता, बघ, असा वाचक. काकांनी अकरावं पान उघडून खोक्यावर ठेवलं आणि त्यावर बोट टेकवलं.

"हा घरून तलावावर चालला ना जी?"

"हो."

"इकडून तिकडं." बोट डावीकडून उजवीकडे सरकलं. मग त्यांनी पान उलटलं. बारावं पान, पहिलीच चौकट. तोच कास्तकार, खांद्यावर तोच फावडा, पण आता उजवीकडून डावीकडे. "आता हा कुठं चालला?"

"तलावावरच."

"मंग तोंड घराकडं कसं? डबा विसरला का घरी?"

बांगड्यावाली खो खो हसली. भाऊ म्हणाला, तो कॅमेरा अँगल आहे, आपण त्याला दुसऱ्या बाजूने बघतोय. काकांनी ऐकून घेतलं. ते तीस वर्षं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, जंगल, महाल, रस्ता. आता बरीचशी कामं फ्लेक्सवाल्याकडे गेलीत. म्हणाले, "बाबू, आमच्याकडं घर या विंगेत ठरलं का रातभर घर याच विंगेत. तिकडून आला तर पब्लिक बोंबा मारते. लोकं खुर्चीवरून उठून दुसऱ्या बाजूनं थोडी पाहातेत?" मग खिशातून पन्नासची नोट काढून एक प्रत घेतली. "रंग चांगला हाय," जाताना एवढं म्हणाले. आणि, "रातच्याले नाटक पाहा."

भाऊ तासभर माझ्याशीही बोलला नाही. मलाही रागच आला होता, पण काकांचा नाही. चार वर्षांत एवढ्या 'क्रिएटर' लोकांनी ते पान हाताळलं, एकाच्याही तोंडून हे निघालं नाही. लिहिणारी मी, मला तरी कुठे दिसलं होतं?

संध्याकाळी मावशीकडे भात, लाखोळीची डाळ आणि 'अजून घे'चा मारा. आग्रह प्रेमाचा असतो हे मान्य, पण चौथ्यांदा भात वाढणाऱ्याला थोपवता येईल असा शब्द मराठीत नाही. नऊचं नाटक सव्वाअकराला उभं राहिलं. कंपनी वडशाची, तिथे कंपन्यांच्या ऑफिसांची रांगच आहे, आणि दिवाळी ते होळी ती रिकामी नसते. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा माझ्या शहरातल्या कितीतरी जणांनी झाडीपट्टी रंगभूमी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. ऐकलेल्यांत मीही होते, पण पाहिलं पहिल्यांदाच. थंडी मरणाची, कंबर गेलेली, गोष्टीत रडारड भरपूर. मी गोष्ट सोडून विंगाच बघत बसले. पोरगा डावीकडून शहरात गेला तो दोन तासांनी डावीकडूनच परतला. तो दिसायच्या आधीच, ऑर्गन वाजला तशी माझ्या पुढ्यातली म्हातारी त्या विंगेकडे वळून बसली होती. भाऊ पहाटेपर्यंत शाल गुंडाळून बघत राहिला. अवाक्षर नाही.

एकूण एकेचाळीस प्रती गेल्या. आमच्यासाठी हा विक्रम आहे, पाकाच्या सात वेगळ्या.

परतीच्या एसटीत ब्रह्मपुरीच्या पुढे भावाने माझ्याकडून पेन मागून घेतलं, एक चिकट प्रत मांडीवर घेतली आणि पानोपानी बाण काढत बसला. उमरेड येईपर्यंत कास्तकार नऊ ठिकाणी उलटा चालताना सापडला. घरी दिवाणाखाली अजून सातशेवर प्रती आहेत, प्रत्येकीत नऊ-नऊदा.